पुढचा खांब

प्लेगच्या बातमीनं सुरत रिकामी होत होती. रेल्वेत शिरता येईना, म्हणून मी उधन्याहून बारडोलीच्या रस्त्यानं चालत निघालो. नाकाला रुमाल, आणि कुणी खोकलं की रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जायचो.

पुढं एक बाई चालली होती. कडेवर तापानं फणफणलेली पोर, त्यामुळे सगळे तिच्यापासून लांब. डोक्यावरचा पदर तिनं डोळ्यांपर्यंत ओढलेला. विजेचा खांब आला की ती थांबायची, पोरीच्या छातीला कान लावायची, पदर जरा वर करून पुढचा खांब बघायची आणि निघायची.

"तुमचं गाव किती लांब?" मी अंतर राखूनच विचारलं.

"गावनं नाव लेऊ नको, भाऊ. त्या खांबलोंग चाल." तिनं पुढच्या खांबापर्यंत बोट दाखवलं.

सुरतेत लिंबायत वस्तीत ती घरी साड्यांचे सुटे धागे कापायची. म्हणाली, गठ्ठ्यावर चादर टाकून एकेक साडी ओढायची. सगळा गठ्ठा दिसला तर हातच चालत नाहीत.

मग मीही खांबच बघत चाललो.

बारडोलीच्या अलीकडे एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं मला घेतलं, पोर पाहून तिला मात्र हातानंच नकार दिला. मी मागं वळून पाहिलं. ती खांबाशी उभी होती, पोरीच्या छातीला कान लावून. ट्रक वळणाआड गेला, तोवर तिनं पदर वर केला नव्हता.