घोडीचं हक्कसोडपत्र

आमच्या घोडीचा करार रजिस्ट्री कचेरीसमोर टपरीत बसणाऱ्या लेखनिकाने केला. आयुष्यभर त्याने प्लॉट, गाळे आणि शेतजमिनी लिहिल्या होत्या, घोडी पहिल्यांदाच. पण माणूस डगमगणारा नव्हता. सामायिक प्लॉटचा जुना मसुदा त्याने कॉम्प्युटरवर उघडला आणि जिथे जिथे 'प्लॉट' होतं तिथे तिथे 'घोडी' टाकलं. अडला तो फक्त चतुःसीमेपाशी.

"पूर्वेला काय लिहू?" त्याने माझ्या मेव्हण्याला विचारलं.

"अहो, घोडी आहे. पळते ती."

"मग चारी बाजूंनी मोकळी जागा लिहितो," लेखनिक म्हणाला, आणि तसंच लिहिलं.

आम्ही पोट धरून हसलो आणि पाचही जणांनी सह्या केल्या. त्या मसुद्यात सातवं कलम असं होतं, की सर्व हिस्सेदारांची लेखी संमती असल्याशिवाय सदर मिळकत विकता, मोडता किंवा नष्ट करता येणार नाही. प्लॉटवरचं पडकं घर एखाद्याने परस्पर पाडू नये म्हणून घातलेलं ते कलम. शब्द बदलले तसं तेही घोडीला लागू झालं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. ते कलम मी वाचलं होतं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

माझ्या मेव्हण्याचा वाळूजला कारखाना आहे. मोटारींचे पत्र्याचे भाग तिथे ठोकून निघतात. एकदा एका कंपनीच्या साहेबाचा पाहुणा म्हणून तो पुण्याला रेस बघायला गेला. तिथे जिंकलेल्या घोड्याचा मालक लगाम धरून घोड्याला आत आणतो आणि त्याचा फोटो निघतो, हे त्याने पाहिलं. त्या दिवसापासून त्याला तसला फोटो हवा होता, आणि फोटोसाठी घोडा लागत होता. अख्खी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी परवडेना, म्हणून त्याने पाच हिस्से पाडले. एक बिल्डरला, एक दातांच्या डॉक्टरला, एक मला, एक माझ्या बायकोच्या मामांना. आम्हा चौघांकडून त्याने असा भाव घेतला की त्याचा स्वतःचा हिस्सा त्याला फुकटात पडला. हे आम्हाला नंतर कळलं, आणि आम्हाला त्याचा राग आला नाही. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, एवढंच वाटलं.

मी हिस्सा का घेतला, याचं उत्तर मी बरेच दिवस असं देत असे की मला ही सगळी वरात जवळून बघायची होती. वरात रस्त्याच्या कडेला उभं राहूनही फुकट दिसते, हे कळण्याइतकं अर्थशास्त्र मला येत होतं.

मामा अजिंठ्याजवळच्या गावचे. त्यांची थोडी जमीन रस्त्यात गेली आणि पैसे आले. बँकवाल्यांच्या आधी भाचा पोचला. मामांनी एकच अट घातली: जनावर बघितल्याशिवाय सही नाही. म्हणून आम्ही सगळे पुण्याला तबेल्यात गेलो. आम्ही चौघे दारात उभे राहून मोबाईलवर फोटो काढत होतो. मामा चपला काढून आत शिरले. त्यांनी तिचं तोंड उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटले. घोडीची निगा राखणारा सईस आधी वैतागला, मग तिच्या मोहरकीचा दोर त्याने मामांच्याच हातात दिला.

"लई गुणी जनावर हाये," मामा बाहेर येऊन म्हणाले. "कुठं सही करू?"

त्यानंतर दर महिन्याला ते एसटीने एकटेच पुण्याला जात आणि तिला गुळाचा खडा खाऊ घालून परत येत. मेव्हण्याला याची लाज वाटे. ट्रेनरला तो सांगायचा, "आमचे रूरल इन्व्हेस्टर आहेत." त्याने स्वतःसाठी सूट शिवला होता, दुर्बीण घेतली होती, आणि व्हिजिटिंग कार्डावर कारखान्याच्या नावाच्या वर घोड्याचं डोकं छापलं होतं. फोटोच्या वेळी फेटा बांधायचा की हॅट घालायची, यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान झालं. फेटा जिंकला. घोडी चार वेळा धावली आणि तिचा सगळ्यात वरचा नंबर पाचवा.

मग एका सकाळी सराव करताना तिचा पुढचा डावा पाय मोडला.

ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. पण घोडी मोडका पाय टेकवेना. सगळा भार उजव्या पायावर आला आणि त्या पायाचा खूर आतून सुटायला लागला. मामा, मेव्हणा आणि मी बघायला गेलो तेव्हा ती भिंतीला अंग लावून उभी होती. अंगाला घाम होता आणि कातडी एकसारखी थरथरत होती. मामांनी गूळ पुढे केला. तिने तो हुंगला नाही.

जनावरांच्या डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. "ही बरी होणार नाही. औषधाने दुखणं थोडं दबतं, एवढंच. माझं ऐकाल तर आजच सुई देऊन सोडवा."

"सोडवा," मामा म्हणाले.

ट्रेनर म्हणाला, "करारात पाच जण आहेत. मला पाच सह्या द्या, डॉक्टर लगेच करतील."

"मपली घ्या. कुठं करू?"

मेव्हण्याने मामांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. घोडीच्या आजीने म्हणे मोठमोठ्या रेस मारल्या होत्या. एक स्टड फार्मवाली पार्टी तिला पिल्लांसाठी घ्यायला तयार होती. आठ-दहा दिवस कळ काढायची, बस.

"कळ कोन काढनार?" मामांनी विचारलं. मेव्हण्याला प्रश्न समजला नाही.

रविवारी त्याच्या कारखान्यातल्या केबिनमध्ये पाचही जण जमलो. बिल्डरने करार सोबत आणला होता.

"मामा, भावनेच्या भरात जाऊ नका. ही प्रॉपर्टी आहे," तो म्हणाला.

"प्रॉपर्टी तीन पायांवर उभी हाये ना बाबा तिकडं."

"पण मामा," दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमचा हिस्सा पाचवा. त्यात मोडलेला पाय येतो, का शेपूट?"

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

"मोडलेलाच धरा," मामा म्हणाले. "बाकीचं तुमचं मला इकता का, ते सांगा."

हसणं थांबलं. त्या क्षणापर्यंत घोडीची किंमत शून्य होती. खरं तर शून्याच्याही खाली, कारण तबेल्याचा आणि औषधांचा खर्च चालू होता. आता खोलीत एक माणूस असा होता ज्याला ती हवी होती, आणि कशासाठी हवी होती हेही सगळ्यांना माहीत होतं. याला मागणी म्हणतात. मी ती अनेक वर्षं फळ्यावर रेघ मारून दाखवली होती. चौघांच्या चेहऱ्यांवर ती चढताना मात्र पहिल्यांदा पाहिली. चौघांत मी धरलेला आहे.

"बघू ना मामा," मेव्हणा म्हणाला. "पार्टीचंही ऐकून घ्यावं लागेल."

खाली गाडीपाशी तो माझ्या कानाशी लागला. "दाजी, ती पार्टी कालच नाय म्हणाली. मामांना बोलू नका."

मी बोललो नाही.

बिल्डरने दुसऱ्या दिवशी हिस्सा सोडला, अर्ध्या भावात. दातांच्या डॉक्टरांनी त्याचा भाव ऐकला आणि एक दिवस थांबून त्याहून वरचा घेतला. मेव्हण्याने फुकटात पडलेल्या हिश्शाचे मूळ किमतीइतके पैसे मागितले, शिवाय आजवरचं तबेल्याचं आणि औषधांचं सगळं बिल मामांच्या गळ्यात घातलं. मामा प्रत्येक वेळी फक्त "बरं" म्हणाले. उरलो मी.

"जावई, तुमचंच राह्यलं," मामांचा फोन आला. भाचीचा नवरा म्हणून ते मला कायम अहो-जाहो करतात.

"विचार करतोय, मामा."

"हिस्सा ठिवा तुमच्याकडंच. मला नुसती सही द्या. डॉक्टरचा फोन व्हता, आडवी पडलीय म्हनला. उठंना."

"दोन दिवसांत कळवतो."

नुसती सही द्यायला काहीच लागत नव्हतं. पण मेव्हण्याला पूर्ण भाव मिळाला होता, आणि पाच जणांत आपणच तेवढे बावळट ठरू नये असं मला वाटत होतं. तोंडाने मागायचीही लाज वाटत होती. मी सुशिक्षित माणूस; त्यांनी आपणहून म्हणावं, याची मी वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलोय असं बायकोला सांगायला लावलं. ती विचारत होती, "मामा एवढं कामून फोन करतोय?" मी म्हणालो, कागदपत्रांचं काहीतरी आहे.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जावई, भाच्याला दिलं तेवढंच तुमाला देतो. आता या."

"तसा काही प्रश्न नव्हता, मामा," मी म्हणालो, आणि पुंडलिकनगरातल्या घरातून अर्ध्या तासात कचेरीसमोर पोचलो.

लेखनिकाने वारसाहक्काच्या जमिनीचं हक्कसोडपत्र उघडलं आणि शब्द बदलायला घेतले. "मिळकतीची सद्यस्थिती?"

"आडवी हाये," मामा म्हणाले.

त्या जागी मसुद्यात 'सुस्थितीत' असं होतं. बदलायचं राहून गेलं. छापून स्टँप लागल्यावर लक्षात आलं, आणि पुन्हा छापायला कोणाला वेळ नव्हता. सही करण्याआधी मी एक गोष्ट मागितली: तबेल्याच्या बिलांशी माझा संबंध नाही, असं ट्रेनरचं पत्र. मामा म्हणाले, "आणून देतो." मी सही केल्यावर कागद पिशवीत घालून ते तसेच बसस्टँडकडे गेले. चालताना ते जवळजवळ पळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. पत्र आणलं होतं. बायकोने पाणी दिलं, ताट वाढते म्हणाली.

"नगं पोरी. अजिंठ्याची गाडी हाये."

मी पत्र वाचून घडी केली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "त्रास झाला का हो तिला?"

"सुई दिल्यावर नाय. मान टाकली तिनं मांडीवर. निवांत गेली."

"चला, बरं झालं."

मामांनी तांब्या खाली ठेवला. आवाज चढवला नाही, अहो-जाहोही सोडलं नाही. "आधी झाला, जावई. तुमच्यापायी तीन दिस झाला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मामांना स्कूटीवर बसवून बसस्टँडला सोडून आली, किल्ली खुंटीला लावली आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"कोणते तीन दिवस?"

"तुझ्या भावाला विचार," मी म्हणालो.