शैलाताईंचा ‘पताता’

अनिरुद्धचा फोन आला तेव्हा मी टोकियोजवळच्या उरायासु स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होते. “मावशी, आई गेली सकाळी...” एवढंच म्हणाला. शैलाताईंचं दुखणं गंभीर आहे हे माहीत होतं, तरी डॉक्टरांचंही न ऐकता त्या बऱ्या होतील असंच मी धरून चालले होते. ऐकून घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या भागात जमिनीतून वाळू वर आलेली, ओळखीची कितीतरी कुटुंबं सामान बांधून भारतात परतलेली, आणि या बाई नेमक्या तेव्हाच पुण्याहून मुलाजवळ राहायला आल्या. पुण्यात जन्मभर स्पॅनिश शिकवलेलं, इथेही एका क्लासमध्ये शिकवू लागल्या. पुढे अनिरुद्धने लग्न केलं ते मेक्सिकोच्या लुसियाशी. ताई हट्टाने वेगळ्या घरात राहिल्या, तरी भाषा एक म्हटल्यावर सासूसुनेचं छान जमेल असं आम्हाला वाटलं. कसलं काय! ताई स्पेनच्या पुस्तकांवर वाढलेल्या. त्यांच्या लेखी तोर्तिया म्हणजे अंड्या-बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, लुसियाच्या लेखी मक्याची पोळी. पुण्याच्या बाई मेक्सिकोच्या मुलीला स्पॅनिश शिकवतायत म्हणून आम्ही हसायचो.

एका रविवारी ताईंच्या घरी मात्र हसू आटलं. नुकती बोलू लागलेली नात मीरा ताटातल्या भाजीकडे बोट दाखवून “पापा” म्हणाली. मेक्सिकोत बटाट्याला तेच म्हणतात. “पापा नाही, पताता,” ताईंनी स्पेनचा शब्द सांगितला. पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. लुसियाने चमचा खाली ठेवला. “आई, मीरा माझ्यासारखी बोलते. ते चूक आहे?” तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत तिने विचारलं. “चूक ती चूक,” ताई म्हणाल्या. लुसिया मीराला घेऊन उठली ती त्या घरी यायचीच थांबली. मला ताईंचा भयंकर राग आला. “नात गमवाल अशानं,” मी तोंडावर सांगितलं. “तुम्हाला स्पॅनिशमधलं काय कळतं?” हे उत्तर मिळालं.

दुखणं कळल्यावरही त्यांनी सुनेला फोन केला नाही. एके दिवशी माझ्याकडून मक्याचं पीठ तेवढं आणवलं, परातीत भाकऱ्या थापल्या आणि अनिरुद्धला म्हणाल्या, “तिला बोलाव.” लुसिया आली, उभ्याउभ्याच एक तुकडा मोडून खाल्ला. “ही तोर्तिया नाही,” ती म्हणाली. संपलं सगळं, असं मला वाटलं... ताईंनी परात तिच्याकडे सरकवली. “मग शिकव,” त्या म्हणाल्या. लुसियाने बाह्या वर केल्या. पीठ मळतामळता दोघी पुन्हा भांडल्याच, पण त्यानंतर मीरा शेवटपर्यंत रोज आजीकडे येत होती.

परवा ताईंचं घर आवरायला मी गेले होते. टाकायच्या सामानाचे ढीग दाराशी लागलेले. परात मात्र लुसियाच्या मांडीवर होती, आणि त्यात ती उकडलेले बटाटे सोलत होती. मीरा धावत आली, “पापा!” म्हणाली. लुसियाने भिंतीवरच्या ताईंच्या फोटोकडे पाहिलं.

“आपल्या घरी पापा,” ती लेकीला मराठीत म्हणाली. “या परातीत पताता.”