सव्वासहाची वेळ आणि मावशींचा पाय

तुमच्यातल्या धाकटीने मागच्या रविवारी फोनवर मला तिचं ते नवं अ‍ॅप दाखवलं. रोज प्रार्थना केली की त्यात एक ज्योत पेटते, खाली दिवसांचा आकडा वाढतो, आणि एक दिवस चुकला की ज्योत विझते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. "आजी, माझी अजून एकदाही विझली नाही!" मी शाब्बास म्हटलं, कारण शेजारी तुमची आई बसली होती. पण मला त्या ज्योतीचं काडीचं कौतुक वाटलं नाही. रोज प्रार्थना कशी करावी असं तुम्ही मला विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. आईने वाचून दाखवावं, आणि मधली वाक्यं गाळू नयेत.

असलं अ‍ॅप मी तुमच्याआधी बनवलं होतं. पट्टी, पेन्सिल आणि लाल शाईचं पेन घेऊन.

आमच्या देवळात, म्हणजे तुम्ही ज्याला चर्च म्हणता तिथे, एक मावशी होत्या. उभं आयुष्य त्यांनी देऊळ झाडलं, बाकं पुसली आणि दर रविवारी घंटेचा दोर ओढला. पुढे गुडघे दुखायला लागले तेव्हा देवळाच्या मंडळीने त्यांना एक शाल दिली आणि झाडायला दुसरी बाई ठेवली. घंटा मात्र मावशींनी सोडली नाही. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वारूळवाडीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. साखरेचा आजार जुना. नाताळात आमच्या महिला मंडळाने त्यांना नवी चप्पल भेट दिली. ती एक नंबर लहान निघाली, कारण पायाचं माप त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मावशींनी ती तशीच वापरली. भेट दिलेली वस्तू परत कशी करायची? करंगळीशेजारी फोड आला, फुटला, चिघळला.

बातमी मंडळीच्या ग्रुपवर आली आणि सगळ्यांना एकदम उत्साह चढला. आजारी माणूस मिळालं की आमच्या लोकांना उत्साह चढतो. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे तीन देवळं, ते तिकडे जुन्नरला. त्यांनी मला फोन केला. "बाई, प्रार्थनेची साखळी करू या. तक्ता तुम्हीच करा, तुमच्याइतकं व्यवस्थित कोणी करत नाही."

मी फुगले. तक्ता केला. पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत प्रत्येकाला पंधरा मिनिटं. आमची मंडळी तिकडे घाटघरपासून इकडे लोणीपर्यंत विखुरलेली, पण एका दिवसात सगळे रकाने भरले. लोणीच्या एका बाईंनी तर दोन वेळा मागितल्या आणि एकच मिळाली म्हणून रुसल्या. मी स्वतःला सकाळी सव्वासहाची वेळ ठेवली. प्रार्थना झाली की ज्याने त्याने ग्रुपवर बरोबरची खूण टाकायची. पत्त्याचा रकाना मी ठेवला नव्हता. प्रार्थनेला पत्ता लागत नाही.

आणि खाली, लाल शाईने: 'आजारी व्यक्तीस विश्रांतीची गरज आहे. कृपया भेटीस जाऊन गर्दी करू नये.'

हे वाक्य माझं. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जातात म्हणजे तिथे बसून चहा पितात, आणि कोणाचा पाय कापला, कोण त्यातच गेलं, ते आजाऱ्याला सविस्तर सांगतात. ते टाळावं हा माझा हेतू. माझ्या सूचना इतक्या आनंदाने कोणी कधी पाळल्याचं मला आठवत नाही. शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तिथेसुद्धा नाही.

रोज ग्रुपवर बरोबरच्या खुणांची रांग लागे. जोडलेले हात, फुलं, कबुतरं. कमिटीतले एक निवृत्त गृहस्थ आपली प्रार्थना खणखणीत आवाजात बोलून, रेकॉर्ड करून पाठवत. त्यात ते देवाला मावशींचं वय सांगत, उपाशीपोटीची साखर सांगत, डॉक्टरांची पदवी सांगत. देव जणू नुकताच बदली होऊन आला होता आणि त्याला आधीचं प्रकरण ठाऊक नव्हतं. शेवटी सगळ्यांनी आमेन लिहायचं. मीही लिहिलं. पण तुमचा आवाज जरा खाली ठेवा, असं कोणी त्यांना सांगितलं नाही, मीसुद्धा नाही.

दहाव्या दिवशी मी माझ्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, मावशींच्या पायासाठी प्रार्थना करत. दाराची बेल वाजली. माझी दहा मिनिटं उरली होती. मी उठले नाही. देवाला दिलेली वेळ मधे मोडायची नाही, ही माझी शिस्त. दहा मिनिटं पुरी केली, ग्रुपवर खूण टाकली, मग दार उघडलं.

पायरीवर मावशींची शेजारीण बसली होती. ब्लाउज शिवते, बौद्ध कुटुंबातली, पस्तिशीची.

"झालं का बाई तुमचं?" ती उठत म्हणाली.

"कधीची आली आहेस?"

"झाली की दहा मिनटं. खिडकीतनं दिसत व्हतात. म्हटलं देवाशी बोलत्यात, मधे कशाला बोला." मग एकदम, "मावशीच्या पायाला वास मारायला लागलाय. तीन रिक्षावाले बघून गेले, कोणी बसवून घेईना. तुमची गाडी फाटकात दिसली, म्हणून आले."

मी कोणासाठी प्रार्थना करत होते, ते मी तिला सांगितलं नाही. गाडीची किल्ली घेतली.

मावशी खाटेवर होत्या. खोली स्वच्छ होती. चुलीवर पातेलं, उशाशी पाण्याचा तांब्या, पायाखाली जुन्या पातळाची घडी. ही सगळी व्यवस्था त्या शिवणवाल्या बाईची. स्वयंपाक तिचा, पाणी तिचं, रोजचं पुसणंही तिचंच.

"आलात व्हय बाई?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, मंडळी समदी परगावी गेली."

"तुमच्यासाठी साखळी चालू आहे, मावशी."

"पाळकसायेबांनी फोनवर सांगितलं की. लई बरं वाटलं. पर बाई, येवढी मान्सं माझ्यासाठी बसलीत, त्यातलं एक बी उठलं कसं न्हाई?"

शेजारीण तोंड वळवून हसली. मी मावशींना उठवायला हात पुढे केला.

एकजण उठला होता, हे मला नंतर कळलं. घाटघरचा आमचा एक म्हातारा तांदळाची पिशवी घेऊन, दोन एसट्या बदलून येऊन गेला होता. खाटेशेजारी बसला, मावशींच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि परतीच्या गाडीने गेला. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. माझी सूचना त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि सगळा राग माझ्यावर काढला, कारण त्या खोलीत शिकलेली मीच दिसत होते. "चार दिवस आधी आणलं असतं तर बोटं राहिली असती. इतके दिवस करत काय होता तुम्ही?" काय करत होतो ते सांगण्यासारखं नव्हतं. दोन बोटं काढावी लागली. उरलेल्या पायाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं: जखम रोज दोन वेळा धुवून, औषध भरून बांधायची. एक दिवसही चुकवलंत तर पुढच्या वेळी घोट्यापासून कापावं लागेल. मावशींनी एकच प्रश्न विचारला, "दोर वढायला हुबं ऱ्हाता यील का?" डॉक्टरांना कळेना कसला दोर. मी सांगितलं. ते म्हणाले, बघू.

त्या दुपारी ग्रुपवर निरोप आला: 'दोन बोटांवर निभावलं. प्रभूची स्तुती असो.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मी लिहिलं, 'सकाळच्या पट्टीसाठी माणूस हवा आहे. कोण येईल?' उत्तरं भराभर आली. 'मी प्रार्थना करते.' 'आम्ही सहकुटुंब प्रार्थना करतो.' दोन वेळा मागणाऱ्या लोणीच्या बाईंनी कबुतर पाठवलं.

मग सकाळ मी घेतली. संध्याकाळ शेजारणीची होतीच.

मला काही येत नव्हतं. पहिले आठ दिवस ती सकाळीही माझ्यामागे उभी राही.

"असं नाय बाई. आतनं बाहेर पुसायचं. बाहेरची घाण आत ढकलताय तुमी."

"तेच करते आहे."

"नाय करत. तो बोळा टाका, दुसरा घ्या." थोड्या वेळाने, "दहावीला तुमी मला इंग्रजीत दोनदा नापास केलं व्हतं. आठवतं का?"

"नाही."

"मला आठवतंय. परत करा."

खाटेवरून मावशी म्हणाल्या, "आगं, बाईंना पास कर बाई आता. पाय माझा हाय."

एका सकाळी मी पट्टी गुंडाळत होते आणि ती दारात बसून काजं करत होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "बाई, तुमी रोज देवाकडं मागता तरी काय?"

मुलांनो, हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी तीस वर्षं बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर सुवार्तेच्या पुस्तिका वाटल्या. लोकांनी त्या नमस्कार करून घेतल्या आणि त्यांत भाजलेले शेंगदाणे बांधले. पुण्याहून येणारे वक्ते आम्हाला दर वर्षी साक्ष देण्याच्या, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगण्याच्या, पायऱ्या शिकवतात. ओळख करा, स्मित करा, समोरच्याची गरज शोधा, मग विषय काढा. विमा विकणारा माणूसही तेच करतो. आणि आता समोर माणूस स्वतःहून विचारत होतं, तर मला एकही पायरी आठवेना.

"आज विचारशील तर, हात थरथरू नये एवढंच मागितलं," मी म्हटलं. "तुमच्यात काय मागतात?"

"आमच्यात मागणं नसतं. वंदना म्हणायची आन् कामाला लागायचं."

"मग हे सगळं तू का करतेस?"

"शेजारी हाय म्हणून. आजून काय पायजे?" तिने दोरा दाताने तोडला. "तुमी का करता?"

"आमच्या प्रभूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी मित्रांचे पाय धुतले होते. स्वतःच्या हाताने."

"समद्यांचे?"

"सगळ्यांचे. जो दगा देणार होता त्याचेही."

तिने सुई थांबवली. "आन् तुमच्या देवळात हे ठाऊक नाय का कुणाला?"

मी पट्टीची गाठ मारली. मावशी मात्र खुदकन हसल्या. माझी आयुष्यातली साक्ष ती एवढीच. ती ऐकून कोणी धर्म बदलला नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. पण तिने मला विचारलं आणि मी खरं सांगितलं.

पाय भरून यायला चार महिने लागले. आभारप्रदर्शनाच्या रविवारी मावशी देवळात आल्या, पायात मापाची चप्पल, तिचा एक पट्टा शेजारणीने स्वतः शिवलेला. उपासनेआधी त्यांनी दोर धरला. मी मागे उभी होते, पडल्या तर धरायला. धरावं लागलं नाही. पाय जमिनीवर घट्ट होता आणि घंटा पूर्वीसारखीच वाजली, जरा जास्तच वेळ.

मग पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी घोषणा केली की साखळीच्या सामर्थ्याने वाचलेला पाय आज आपल्यात चालत आला आहे. माझा तक्ता इतर मंडळ्यांनीही नमुना म्हणून घ्यावा, असंही म्हणाले. आणि मावशींच्या हातात माईक दिला. साक्ष द्या, मावशी.

मावशींनी माईक उलटा धरला होता, तो कोणीतरी सरळ केला.

"म्या खाटंवर पडून देवाला रोज म्हनत व्हते, कुनाला तरी धाड बाबा. त्यानं शिवणवालीला धाडलं. घाटघरचं म्हातारं धाडलं. मंग बाईंना धाडलं, त्या उशिरा आल्या, पर आल्या. तुमाला बी धाडलं आसंलच की. तुमी वाटंत कुटं थांबलात?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. देवाने पाठवलेली इतकी माणसं मधेच कुठे अडकली, याची त्यांना काळजी वाटत होती.

वक्त्यांनी मोठ्याने हालेलूया म्हटलं आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. लोणीच्या बाई रडल्या. कमिटीतल्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. आमच्या लोकांना अडचण आली की ते डोळे मिटतात, हे मला तेव्हा लक्षात आलं, आणि मीही त्यांतलीच एक आहे हेसुद्धा.

तर रोज प्रार्थना करा. मी करते, ती सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती ज्योत विझू द्या एकदा, काही बिघडत नाही, आणि कोणाला आकडा दाखवू नका. कोणासाठी मागत असाल तर आधी त्याचा पत्ता माहीत करून घ्या. आणि बेल वाजली तर उठा.

सव्वासहाची वेळ अजून माझी आहे. खुर्ची मी फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली आहे. दार उघडंच असतं. शिवणवाली दूध आणायला त्याच वेळी रस्त्यावरून जाते, आणि काही काम असलं तर फाटकातूनच ओरडते, "बाई, झालं का?"

मी म्हणते, "झालं. बोल."