पाच पाण्यांची शाई

आमच्या घरी आईला सगळे बाई म्हणतात. पिशोरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत तिनं एकतीस वर्षं शिकवलं. चौथीपर्यंत मीही तिच्याच वर्गात होतो, त्यामुळे तिला आई म्हणायची सवय लागायची राहूनच गेली. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे शहरात राहायला आली. येताना दोन ट्रंका आणि एक जाड निबाचं पेन घेऊन आली, आणि महिन्याभरात तिनं मला कामाला लावलं. तिला शाई करून हवी होती.

नोकरीत हजेरीला निळी आणि तपासायला लाल. हिरवी साहेबांची, तिला हात लावायचा नाही. म्हणून निवृत्तीनंतर हिरवीत थोडी निळी घालून आपली शाई करायची हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. असा मोरपंखी रंग तयार मिळतो म्हणून मी गुलमंडीवरून एक बाटली आणून दिली. तिनं एक ओळ लिहिली, ती सुकू दिली आणि बाटली परत केली. औषधासारखी दिसते म्हणाली.

मी वाळूजला एका कारखान्यात माल तपासणीचं काम करतो. अंदाजानं काही करणं मला जमत नाही. औषधाच्या दुकानातून बिनसुईची सिरिंज आणली आणि चार-पाच प्रयत्नांत तिच्या मनासारखी शाई जमली: हिरवी पंधरा मिली, निळी तीन, पाणी पाच. पाणी घालायचंच, कारण बाटलीतली शाई तिच्या पेनाला जड जाते. शिवाय शाळेत पुडीची शाई पाण्यात कालवूनच तिचा जन्म गेला होता. हे प्रमाण मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाटली अडीच महिने पुरायची. नवी केली की ती खिडकीत बसून एक ओळ लिहायची, आणि कधीकधी म्हणायची, अजून जराशी निळी टाक. मी अर्धा मिली टाकायचो आणि कागदावर तारखेसह नोंद करायचो. अकरा वर्षांत निळी तीनाची सात झाली. हिरव्या शाईचा माल बदलत असेल असं मी धरून चाललो होतो.

त्या शाईनं ती पाण्याची वही लिहायची. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूला बाजरी होती आणि नळ दिवसाआड यायचा. पाणी किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, किती टाक्या भरल्या, हे ती रोज लिहायची. खाली एक ओळ इतर गोष्टींची: मागच्या प्लॉटवर पाया खोदला, समोरच्यांनी दुसरा मजला चढवला, कोपऱ्यावर बोअर घेतला, चारशे फुटांवर फुफाटा. बाजरी कधी संपली ते त्या वहीत आहे. दिवसाआडचं तिसऱ्या दिवशी झालं, मग पाचव्या, ते सगळं तिथं आहे. वडील गेल्यानंतर तिचा दिवस त्या वहीवर उभा होता, हे मी आणि बायको दोघंही जाणून होतो.

दुष्काळाच्या त्या वर्षी नळ आठव्या दिवसावर गेला. मधल्या दिवसांत टँकर. हौदात नळाचं, टँकरचं आणि शेजाऱ्यांच्या बोअरचं पाणी एकत्र व्हायला लागलं. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, बादलीच्या कडेला पांढरा थर चढायचा. घरात काहीही बिघडलं की आम्ही पाण्याला दोष द्यायचो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

त्याच उन्हाळ्यात बाईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा तीन महिन्यांनी करू असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा, थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. त्या टंचाईच्या दिवसांत हे शेवटचं पथ्य आम्हाला सोपं गेलं. पंधरा दिवसांनी तिनं पेन हातात घेतलं. मी नवीन बाटली करून ठेवली होती. तिनं तारीख लिहिली आणि थांबली.

"ही आपली शाई नाय," ती म्हणाली. "ही निळी झाली."

मी पाहिली. मला नेहमीसारखीच दिसली. बायकोनं पाहिली, तिलाही तसंच वाटलं. आम्ही दोघांनी तसं सांगितलं. बाईनं पेनाला टोपण लावलं.

इथं माझ्या मावशीबद्दल सांगायला हवं. ती बाईची थोरली बहीण, गंगापूरला दिलेली. त्या उन्हाळ्याच्या सात वर्षं आधी तिचं विसरणं सुरू झालं, आणि ते सुरू झालं भिंतीपासून. सुनेनं माजघराचा रंग बदलला असं ती म्हणू लागली. रंग बदललेला नव्हता. सगळ्यांनी तिला समजावलं, ती ऐकेना, मग भांडणं. वर्षभरानं ती सुनेला ओळखेनाशी झाली आणि शेवटी पोटच्या पोरांनाही. बाई महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन तिच्याजवळ बसून यायची. मावशी तिला विचारायची, तुम्ही कुणाकडं आल्या? मावशी गेली तेव्हा बाई रडली नाही. सुटली, एवढंच म्हणाली.

त्यामुळे शाई निळी झाली असं बाई म्हणाली, तेव्हा घरात तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली आणि तिघांनीही ती तोंडाबाहेर काढली नाही. मी म्हणालो, पाण्यानं झालं असेल. बायको लगेच म्हणाली, हो, पाणीच आहे तसं.

मग मी पाण्याच्या मागे लागलो. प्रमाण तेच ठेवलं आणि फक्त पाणी बदललं. पहिली बाटली नळाची, आठव्या दिवशी बाहेरच्या तोटीला पातेलं लावून, हौदात पडायच्या आत धरलेली. दुसरी टँकरच्या पाण्याची. तिसरी शेजाऱ्यांच्या बोअरची. त्यांना कशाला हवं हे सांगताना मला लाज वाटली, पण त्यांनी हसत तांब्याभर दिलं. चौथी फिल्टरची. पाचवी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याची. बाटल्यांवर आकडे टाकले. प्रत्येकीची एक-एक पट्टी ओढून कागद दोरीवर वाळत घातले. फ्रिजच्या दारात या बाटल्या ठेवल्या होत्या, त्यावर बायको एकदा म्हणाली, "पाहुणे आले की एक दिवस सरबत म्हणून देणार आहे मी हे." त्या दिवसांत घरात झालेली ती एकच थट्टा.

बोअरच्या पाण्याच्या शाईत तळाला बारीक गाळ बसला. टँकरची थोडी फिकी पडली. म्हणजे पाण्यानं फरक पडतो, हे खरं निघालं, आणि मला हायसं वाटलं. पण बाई पाचही पट्ट्यांसमोर बसली आणि पाचही निळ्या म्हणाली. गाळाची निळी, फिकी निळी, चांगली निळी, पण निळीच. तिचा आवाज चिडका नव्हता. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलं की ती जशी शांतपणे पुढच्याकडे वळायची, तशी ती एका पट्टीवरून दुसरीवर गेली.

मग मला ऑपरेशनच्या आधीची जुनी बाटली सापडली. तळाला बोटभर शाई होती. ती तिच्या स्वतःच्या पसंतीची, तिनं महिनाभर वापरलेली. मी तिची पट्टी ओढली आणि बाकीच्यांत न सांगता ठेवली. बाईनं तीही निळी म्हटली.

मी आत गेलो आणि दाराच्या कागदावर लिहिलं: जुनी, खराब झाली असावी. बंद बाटलीतली शाई दोन-तीन महिन्यांत रंग बदलत नाही. हे मला माहीत होतं. कारखान्यात असा शेरा कुणी मारला असता तर मी त्याला उभं करून विचारलं असतं. तो शेरा मी खोटा लिहिला, आणि लिहिताना हात थांबला नाही. पाण्याशिवाय दुसरं कारण निघू नये, एवढीच माझी धडपड होती.

त्यानंतर बाईनं लिहायचं नावच काढलं नाही. वही उशाशी असायची, पण बंद. नळ आला की ती उठायचीसुद्धा नाही. टाक्या बायको भरायची. दुपारभर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून असायची. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारलं तर म्हणायची, तुम्हीच बघा, मला काय कळतंय. हे वाक्य ती फार सहज म्हणायला लागली होती. कारखान्यातून तासभर धक्के खात मी घरी यायचो आणि चप्पल काढताना आधी तिच्या खाटेकडे बघायचो. रात्री अंग टाकलं की झोप यायची, पण सकाळी उठल्यावर थकवा तसाच. बायको एकदा म्हणाली, मेंदूच्या डॉक्टरला दाखवू या. मी हो म्हणालो आणि तारीख घेतली नाही.

असे तेवीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी मला सुटी होती. दुपारी बायकोनं बाईच्या डोळ्यात थेंब घातले. थेंब झोंबले, म्हणून बाई उजव्या डोळ्यावर तळहात धरून उठून बसली. समोर दोरीवर पट्ट्या तशाच होत्या, मी त्या काढल्या नव्हत्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात काढला. पुन्हा धरला. मग दुसऱ्या हातानं डावा डोळा झाकला.

तिनं मला हाक मारली. एकेक पट्टी तिच्यासमोर धरायला लावली. काही न सांगता ती एक डोळा झाकायची, बघायची, मग दुसरा. सहाही पट्ट्या झाल्या. मग म्हणाली, आता उलट्या क्रमानं. मी पुन्हा सहा धरल्या.

"डाव्यानं सगळ्या बरोबर हायेत," ती म्हणाली. "उजव्यानं सगळ्या निळ्या. शाई तीच हाय बाबा. डोळा नवा हाय."

मी खाटेवर बसलो. पाच आठवडे मी सगळं बदललं होतं, फक्त बघणारा डोळा हिशोबात धरला नव्हता. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळं पडतं, त्यातून निळं कमी दिसतं, हे नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बरेच पेशंट घरच्या भिंतींचा रंग बदलला म्हणतात, असंही त्या सहज म्हणाल्या. ते ऐकून बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे.

पण ते नंतर. त्या दुपारी बाईनं कपाटाच्या दाराचा कागद काढून मागितला. तीन, साडेतीन, चार, असं करत तिचं बोट सातापर्यंत आलं. मग तिनं ट्रंकेतून पहिल्या वर्षाची वही आणि या वर्षाची वही काढायला लावली आणि दोन्ही शेजारी ठेवून उजव्या डोळ्यानं पाहिल्या. पहिली खरंच मोरपंखी होती. शेवटची जवळजवळ निळी. मला तो फरक कधीच दिसला नव्हता, कारण मी दोन वह्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"एवढी निळी मी मागत गेले?"

"हो."

"आन् तू देत गेला."

"तू सांगितलं तेवढी."

ती कागदावर खाली आली आणि माझ्या शेऱ्यापाशी थांबली. तिनं तो दोनदा वाचला असावा. मला वाटलं, रागावेल.

"मला वाटलं, ताईसारखं झालं," ती म्हणाली. "रोज उठून पोरांची नावं म्हणत होते मनात. मी शिकवलेल्या पहिल्या वर्गाची. सगळी येत होती, तरी भ्या वाटायचं."

"मलाही तेच वाटलं होतं."

"मग बोलला का नाय?"

तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि शेरा खोडून खरं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. खरं म्हणजे काय लिहायचं हेही तिनंच सांगितलं: डोळा बदलला.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा लिहू लागली. निळी तीनवर आणली. मधले सगळे दिवस तिनं कोरे सोडले. बायकोला टाक्या भरल्याच्या वेळा साधारण आठवत होत्या, ती सांगायला तयारही होती. पण जे मी बघितलं नाय ते मी लिहिणार नाय, असं बाईनं तिला सांगितलं. डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन पुढे झालं. पाचही बाटल्या मी मोरीत ओतल्या. त्या धुवायला दोन तांबे पाणी गेलं आणि मला ते जड वाटलं.

मेंदूच्या डॉक्टरची तारीख घ्यावी लागली नाही. पण ती भीती एकदा घरात आली ती पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही. आता एखादं नाव सांगताना बाई अडकली की मी जेवता जेवता मनात आकडे मोजायला लागतो. परवा ती शाळेतल्या जुन्या शिपायाबद्दल सांगत होती आणि त्याच्या गावाचं नाव तिला आठवेना. मी ताटात बघून सातपर्यंत आलो होतो.

"मोजू नको," ती म्हणाली. "येतंय."