लोणारच्या खेळातला नारळ

मलकापूरच्या बसस्टँडसमोर जयमाला खर्चेचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, जातीचा दाखला, सरकारकडे जे जे मागावं लागतं ते जयमाला लोकांच्या वतीनं मागून देते. वय त्रेचाळीस. तिच्याइतक्या झपाट्यानं फॉर्म भरणारं तालुक्यात दुसरं कोणी नाही असं लोक म्हणतात आणि ते तिला खरं वाटतं. अशी ही बाई सहसा कोणाच्या अध्यातमध्यात नसते. पण एका माणसाचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा. ती म्हणजे निशिगंधा, तिची शाळेपासूनची मैत्रीण.

दोघी बारावीला होत्या तेव्हा जयमालाचे काका, शंकरराव, स्टेशन रोडला कॉम्प्युटर क्लास चालवायचे. तीन मशीन होत्या. एका मासिकाबरोबर आलेली एक सीडी काकांच्या टेबलावर पडून होती. त्यात एक इंग्रजी खेळ होता. पडद्यावर एक चित्र यायचं, कधी बंदर, कधी स्वयंपाकघर, कधी दीपगृह. त्या चित्रात बाण फिरवून वस्तू हुडकायच्या, पिशवीत टाकायच्या, भेटेल त्या माणसाशी बोलायचं आणि कुठली वस्तू कुठे लावली की गोष्ट पुढे सरकते ते शोधायचं. मारामारी नाही, पळापळ नाही. डोकं चाललं नाही तर त्याच चित्रासमोर आठवडाभर बसायचं.

एक ते तीन काका जेवायला जात. तेवढा वेळ दोघींचा. माउस निशिगंधाच्या हातात, कारण तिचे वडील रेल्वेत बुकिंग क्लार्क होते आणि ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हात लावून आलेली होती. जयमाला शेजारी लोखंडी स्टुलावर वही आणि डिक्शनरी घेऊन बसायची. नकाशे ती काढायची, कोण काय बोललं ते ती लिहून ठेवायची.

एकदा दोघी नऊ दिवस अडकल्या. दीपगृहातली घंटा वाजवायची होती आणि घंटेला लोलक नव्हता. पिशवीतली प्रत्येक वस्तू लावून झाली. दहाव्या दिवशी जयमाला घरी शेंगदाण्याचा कूट करत होती. बत्ता खलाच्या कडेला लागला, टण्ण झालं आणि ती कूट तसाच टाकून क्लासकडे पळाली. खेळातल्या स्वयंपाकघरात एक खलबत्ता होता. त्यातला बत्ता दोरीनं घंटेत बांधला आणि घंटा वाजली. त्या दिवशी दोघींनी स्टेशनसमोर उसाचा रस प्यायला होता.

मग निशिगंधा इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. जयमालानं मलकापुरातच बी. कॉम. केलं. पुण्याला जायचं तिलाही होतं, पण घरात तो विषय कोणी काढला नाही आणि तिनंही नाही. लग्न गावातच झालं. नवरा गजेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो, सरळ माणूस. पुढे जळगावच्या दुकानातून त्या खेळांच्या सीड्या नाहीशा झाल्या. विचारलं तर दुकानदार बंदुकांचे आणि गाड्यांचे खेळ पुढे करायचा. तरी जयमालानं नाद सोडला नाही. जुने खेळ कुठून कुठून मिळवून दुकानाच्या कॉम्प्युटरवर घातले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती अजूनही एखाद्या बंद दरवाज्यासमोर बसलेली असायची. हे गजेंद्रशिवाय फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये निशिगंधाची आई अन्नपूर्णाबाई हयातीच्या दाखल्यासाठी दुकानात आल्या. त्या दरवर्षी येतात आणि अंगठा लावता लावता लेकीचं कौतुक सांगतात. निशीनं फ्लॅट घेतला, निशी जर्मनीला जाऊन आली. जयमाला मान हलवायची आणि मशीनकडे बघायची. त्या वर्षी अन्नपूर्णाबाईंनी मोबाइलच पुढे केला. निशीनं नोकरी सोडली होती आणि स्वतः एक गेम काढत होती. तसलाच, जुन्या पद्धतीचा, पण मराठीत. आणि लोणारचा.

व्हिडिओत निशिगंधाची मुलाखत चालली होती. केस आखूड कापलेले, बोलणं पार पुणेरी झालेलं. असे खेळ आता कोण खेळतं, असं मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं. ती म्हणाली की थोडेच लोक खेळतात, अर्ध्या मिनिटात फोनवर उत्तर मिळत असताना कोण थांबणार, पण जे थांबतात त्यांच्यासाठीच हे करायचंय. मग तिनं मलकापूरची आठवण सांगितली. दीपगृह, नऊ दिवस, घंटा. "आणि एक दिवस घरी शेंगदाणे कुटताना मला एकदम सुचलं," असं ती हसत म्हणाली.

जयमालानं अन्नपूर्णाबाईंचा अंगठा दोनदा चुकीचा लावला.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. निशिगंधाला पुणं मिळालं, नोकरी मिळाली, जर्मनी मिळाली, त्याचं तिला इतकं वाटलं नव्हतं. ते तिचं नव्हतंच. पण ती दुपार तिची होती. गजेंद्रला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला की इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस. मग तिनं त्याला सांगणं बंद केलं. ती मुलाखत मात्र रोज एकदा लावून बघायची, जखमेवरची खपली काढावी तशी.

फेब्रुवारीत निशिगंधाचा फोन आला. तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून ते खेळ दिसतात असं आई म्हणाली, आमचा खेळ बाहेर काढायच्या आधी तपासून देशील का, असं तिनं विचारलं. सहा जण तपासत होते, सगळे पुण्यामुंबईचे. जयमाला हो म्हणाली. तो खेळ वाईट निघावा असं तिला मनापासून वाटत होतं.

तो वाईट निघाला नाही. रेवा नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत एस.टी.नं लोणारला येते. भाऊ सरोवराचा अभ्यास करायला आलेला आणि तिथंच बेपत्ता झालेला. स्टँडवरचा कंडक्टर वऱ्हाडी बोलत होता. विवरात उतरणाऱ्या पायऱ्यांवर मोर ओरडत होते. पाण्याचा रंग सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. जयमाला प्रत्येक चित्र बघायची आणि तिला वाटायचं, हे मी का नाही केलं. नंतर वाटायचं, मले कोणी विचारलं का?

दुसऱ्याच दिवशी ती अडकली. खेळात किराणा दुकानातून एक नारळ मिळतो. सरोवराच्या काठी देवीचं देऊळ येतं. जयमालानं तिथं पोचताच नारळ वाहिला. देवळात नारळ घेऊन गेल्यावर माणूस दुसरं काय करणार? पुढे भाऊ जिथं असतो त्या पडक्या देवळाच्या तोंडाशी आग्या मोहोळ होतं. माश्या उठवायला धूर हवा आणि धुरासाठी नारळाची शेंडी. ती शेंडी नारळाबरोबर कधीच गेलेली. दुकानदाराकडे दुसरा नारळ नाही आणि आता रस्ता संपला असं खेळ कुठंच सांगत नाही. दोन दुपारी डोकं फोडल्यावर तिच्या लक्षात आलं की हे कोडं नव्हे, ही चूक आहे. पुण्यामुंबईच्या सहा जणांनी देवळात नारळ वाहिलाच नसणार.

तिनं खेळ पहिल्यापासून सुरू केला, नारळ जपून ठेवला आणि शेवटपर्यंत गेली. मग चुकांची यादी केली. अकरा चुका निघाल्या. एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, एका बाईच्या तोंडी 'मला' आलेलं, पाहिजे होतं 'मले'. नारळाची चूक बारावी झाली असती. तिनं ती लिहिली नाही. यादी पाठवून दिली. इतकं बारीक कोणीच पाहिलं नाही, असं निशिगंधानं उलट कळवलं.

खेळ मे महिन्यात बाहेर आला. पहिले आठ दिवस कौतुक झालं, मग तक्रारी यायला लागल्या. वाशिमचे, जालन्याचे, अकोल्याचे लोक खेळाच्या ऑनलाइन पानावर लिहीत होते की मोहोळाशी अडकलोय. गावाकडचीच माणसं अडकत होती. काहींनी पैसे परत मागितले. जयमाला दुकान उघडण्याआधी त्या तक्रारी वाचायची आणि तिचा दिवस बरा जायचा. एवढं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं.

एके दिवशी तिथं रामराव नावाच्या माणसानं लिहिलेलं दिसलं. उंद्रीचा निवृत्त मास्तर आहे, खेळताना वहीत सगळं लिहून ठेवतो, दहा दिवस झाले मोहोळ हटत नाही, पण उत्तर कोणी सांगू नये, मीच शोधीन.

जयमालानं ते चार वेळा वाचलं. दहा दिवस अडकून राहणं काय असतं ते तिला माहीत होतं. पण या माणसाला सापडायला उत्तरच नव्हतं. तो वहीत लिहीत बसणार आणि शेवटी आपणच मठ्ठ आहोत असं समजून उठणार. सकाळची तिची मजा त्या दिवशी गेली ती गेली. दुपारी तिनं त्याखाली लिहिलं, 'गुरुजी, तुमचं चुकलं नाही. नारळ वाहिला असेल तर पुढे वाट नाही. पहिल्यापासून सुरू करा आणि नारळ जवळ ठेवा.' खाली स्वतःचं नाव होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधा दुकानात उभी होती. पुण्याच्या गाडीतून उतरून थेट आलेली, आईकडेही गेली नव्हती. अ‍ॅडमिशनचे दिवस, दुकानात गर्दी. ती गिऱ्हाइकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड तास बसून राहिली. जयमालानं तिला पाणी दिलं आणि फॉर्म भरत राहिली. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर निशिगंधानं सांगितलं की तपासणीच्या वेळचा प्रत्येक क्लिक नोंदला जात होता आणि गुरुजींना दिलेलं उत्तर वाचून तिनं त्या नोंदी उघडल्या. सात जणांपैकी एकीनंच नारळ वाहिला होता, दोन दिवस अडकली होती आणि मग पहिल्यापासून सुरू केलं होतं.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली. पुणेरी बोलणं गळून पडलं होतं.

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

जयमालानं दोन बहाणे तयार ठेवले होते. ते तिनं वापरले नाहीत.

"सांगायचं नव्हतं मले," ती म्हणाली. "घंटेचं कोडं तू सोडवलं म्हणून जगाले सांगतं तू. ते मी सोडवलं होतं, निशी."

निशिगंधा तिच्याकडे बघतच राहिली. मुलाखतीत ती मुद्दाम खोटं बोलली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून जयमालाला कळलं आणि त्याचंच तिला जास्त लागलं. निशिगंधाला खरोखर आठवत होतं की बत्ता तिच्याच हातात होता, कूट तीच करत होती. हा किस्सा पुण्यात तिनं इतक्यांदा सांगितला होता की आता तो तिचाच झाला होता.

"तुमच्या घरी खलबत्ता नव्हताच वं," जयमाला म्हणाली. "काकू कूट मिक्सरवर करत."

बाहेर शेगावची बस लागली आणि निघूनही गेली.

"मिक्सर होता," निशिगंधा शेवटी म्हणाली. "निळा."

माफी कोणीच मागितली नाही. जयमालानं शटर अर्धं खाली ओढलं आणि घरून आणलेला डबा काढला. भाकरी, ठेचा आणि मुगाची भाजी, दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली. जेवताना जयमालानं सांगितलं की चूक दुरुस्त करणं सोपं आहे. कुठल्याही देवळात जा, मागच्या कोपऱ्यात नारळाच्या शेंड्यांचा ढीग पडलेला असतो. तसा एक ढीग देवीच्या देवळामागे काढ, म्हणजे नारळ वाहिलेल्यालाही शेंडी मिळेल आणि देवीलाही नारळ मिळेल. निशिगंधानं हात न धुताच लॅपटॉप उघडला.

चार दिवसांनी दुरुस्त केलेला खेळ आला. रामराव गुरुजींनी मोहोळ उठवलं आणि तसं लिहून कळवलं. खेळाच्या शेवटी आभाराच्या यादीत जयमालाचं नाव आलं, अकरा नावांमध्ये सहावं. गजेंद्रनं ते नातेवाइकांना दाखवलं. जयमालाला मात्र आपल्या वरची पाच नावं कोणाची ते आधी वाचावंसं वाटलं. पुढच्या मुलाखतीत निशिगंधानं घंटेचा किस्सा पुन्हा सांगितला, या वेळी 'माझ्या एका मैत्रिणीनं' असं म्हणाली. नाव का नाही घेतलं म्हणून जयमाला दोन दिवस धुसफुसत होती.

खेळ फार खपला नाही. निशिगंधानं अर्धवेळ नोकरी धरली आणि तरी दुसऱ्या खेळाची जुळवाजुळव सुरू केली. रेल्वे जंक्शनवरची गोष्ट आहे, कोडी तू रच, असा निरोप तिनं दिवाळीनंतर पाठवला. जयमालानं आठ दिवस उत्तर दिलं नाही. त्या आठ दिवसांत तिनं दुपारी वही काढून सात कोडी लिहिली, प्रत्येकाचं चित्र काढलं, अडकलेल्याला परतीची वाट कुठून मिळेल तेही लिहिलं. पानापानावर आपलं पूर्ण नाव आणि तारीख घातली, स्कॅन केलं आणि पाठवलं. सोबत लिहिलं की मिळाल्याची पोच दे, नावानिशी.

निशिगंधाची पोच तासाभरात आली. जयमालानं तिची प्रिंट काढली, शिक्का मारला आणि फाइलला लावून टाकली. मग काउंटरवर हात ठेवून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तिनं आधार कार्ड मागितलं.