पोळपाटावरचा डावा पाय

माणसाच्या सगळ्या दुःखांचं मूळ त्याच्या लोंबकळत्या पायांत आहे असं मानणारा, आणि ते सिद्ध करायला स्वतःच्या बायकोचा पोळपाट करवतीने कापणारा गृहस्थ अख्ख्या आयर्लंडमध्ये एकच होता, आणि नेमक्या त्याच्याच घरात मी भाड्याने राहत होते. मी तेव्हा जीपगाड्यांच्या विरोधात पत्रकं वाटायचे. ऑफिस सुटलं की राजधानीतलं बॉल्सब्रिज गाठायचं, वकिलातींच्या नि हॉटेलांच्या बाहेर उभ्या असलेल्या धिप्पाड गाड्यांच्या वायपरखाली 'या शहरात डोंगर कुठे आहे?' असं विचारणारा कागद खोचायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचं, हे माझं व्रत. आणि मुक्काम कुठे, तर शहराबाहेर, लिक्सलिपमधल्या अशा घराच्या माडीवर, ज्याच्या दारात हिरवी, चौकोनी, कपाटाएवढी जीप उभी. चळवळीतल्या मैत्रिणींनी मला याचा जाब विचारला होता. मी खरं तेच सांगितलं, की त्या घरात रात्री वरण-भात मिळतो. तत्त्वांना पोट नसतं, मला आहे.

काका उंचीने बेताचे होते. चाळिशीच्या माणसाला काका म्हटलेलं त्यांना खपत नसे, पण भाडेकरूच्या तोंडाला कुलूप घालता येत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघांची मापं घेत आणि घरी आल्यावर डोळ्यांना ढळढळीत दिसणाऱ्या गोष्टी वितीने मोजत. त्यांचा सिद्धांत असा: आपण मांडी घालून बसणारी माणसं. मांडी घातली की पाय घरात येतो, खुर्चीवर बसलं की तो बाहेर लोंबतो. "आणि लोंबत्या पायाने माणसाने विचार करू नये," ते म्हणत, "विचारही लोंबतात." त्यामुळे त्या घरात प्रत्येक खुर्चीखाली काही ना काही असायचं. जेवणाच्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा, फोनच्या खुर्चीखाली लाकडी खोकं, आणि पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी त्याच्या पायाखाली उशी. कालव्याकाठच्या पबमध्ये ते दर शुक्रवारी जात, थेंबभर दारू न घेता. तिथल्या काउंटरला खालून पितळी दांडी होती; त्या दांडीवर एक पाय ठेवून, लाल लेमोनेडचा ग्लास हातात धरून ते तासभर उभे राहत. बारवाला नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "युअर मॅन," म्हणजे हा बुवा, "आमच्याकडे दांडीसाठी येतो." एकदा शेजाऱ्यांच्या बाळाच्या बारशाला ते चर्चमध्ये गेले. पुढच्या बाकाला गुडघे टेकायची गादीची फळी असते. ती बघून काकांचे डोळे भरून आले. त्यांनी बुटांसकट दोन्ही पाय तीवर ठेवले आणि पाद्रीबाबांचं सगळं म्हणणं पटत असल्यासारखी मान हलवू लागले. शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी गुडघे टेकण्यासाठी खूण केली, तेव्हा काका म्हणाले, "नो नो, आय अ‍ॅम ग्रँड," म्हणजे मी आहे तसा मजेत.

अशा माणसाने जीप का घ्यावी? उंचावरून दिसतं म्हणून. ती जीप कधीही डोंगरावर गेली नाही. सुपरमार्केटच्या आवारातला गतिरोधक हा तिचा सह्याद्री. पण तिच्यात एक खोट होती, आणि ती काकांना पहिल्याच दिवशी कळली. क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला काहीच नव्हतं. नुसता उघडा पत्रा, तोही खोलात. ठेवला तर काकांचा पाय तिथपर्यंत पोचायचा नाही, आणि क्लचवरच टेकवला तर क्लच झिजायचा. "उजव्या पायाला दोन खाती आहेत," ते मला समजावून सांगत, "डावा क्लच सोडला की बिनखात्याचा मंत्री. पण बिनखात्याच्या मंत्र्यालासुद्धा खुर्ची लागते." मी म्हटलं, "काका, अख्खी गाडीच बिनखात्याची आहे. विकून टाका." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की घर सोडायची नोटीस येते की काय असं वाटलं, आली ती भाताची वाढ.

पहिलं पायदान टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांचं झालं. दोन जाड डिरेक्टऱ्या सुतळीने बांधून त्यांनी क्लचशेजारी ठेवल्या आणि मला आणि काकूंना चक्कर मारायला नेलं. गोल चौकात वळताना गठ्ठा घसरला तो थेट क्लचच्या खाली. आता क्लच दाबला जाईना. काका शांतपणे दुसऱ्या गिअरमध्ये चौकाला फेऱ्या घालू लागले. मधल्या हिरवळीवरचे ट्यूलिप मला पाठ झाले. "अरे, थांबव ना," काकू म्हणाल्या. "थांबायला क्लच लागतो." "ब्रेक मार." "ब्रेक मारला तर गाडी बंद पडेल आणि मागचा ट्रकवाला बोलेल." ट्रकवाल्याने आधीच बोलायला सुरुवात केली होती. शेवटी काकूंनी वाकून सुतळी ओढली तेव्हा सुटका झाली.

दुसरं पायदान पोळपाटाचं. हा पोळपाट काकूंनी नागपूरहून कपड्यांत गुंडाळून आणलेला, सागवानी, तीन पायांचा. काकांचं म्हणणं, तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही आणि नेमक्या जागी कापली तर तिला आयता उतार येतो. त्यांनी ती नेमक्या जागी कापली. पत्र्याला भोकं पाडून, बोल्ट घालून, खालून नट आवळून पायदान असं बसवलं की ते गाडीबरोबरच जन्माला आलंय असं वाटावं. काकू संध्याकाळी कणीक मळून पोळपाट शोधत होत्या. काका त्यांना हाताला धरून अंगणात घेऊन गेले, जीपचं दार उघडलं आणि म्हणाले, "बघ."

काकूंनी बराच वेळ बघितलं. मग त्या म्हणाल्या, "ज्यावर मी पोळी लाटते, त्यावर तू बूट ठेवणार?"

"तुला नवीन मागवतो."

"मी काय विचारलं?"

काका वरमले. "बूट काढून ठेवीन," ते म्हणाले. आणि खरंच, त्या दिवसापासून ते डाव्या पायातला बूट काढूनच गाडी चालवू लागले. पेट्रोल पंपावर ते एका पायात बूट, एका पायात मोजा अशा अवस्थेत उतरत. एकदा गार्डने, म्हणजे तिथल्या पोलिसाने, तपासणीसाठी गाडी थांबवली. दुसरा बूट कुठे आहे म्हणून विचारलं. काकांनी त्याला अन्न, पूर्णब्रह्म आणि क्लच यांचा परस्परसंबंध पहिल्यापासून समजावून सांगितला. गार्डने टोपी मागे सरकवली, मागे तुंबलेली रांग पाहिली आणि म्हणाला, "जा बाबा तू."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मधे काकूंची नोकरी आली. काकू फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या डिग्रीला तिथली मान्यता मिळता मिळता वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी खिडकीतून समोरच्या घरांचे पडदे तेवढे पाहिले होते. आता शॅनन नदीच्या पलीकडे, क्लेअर परगण्यात त्यांना काम मिळालं होतं. शेतांवर एकेकटी राहणारी म्हातारी माणसं, कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाला अर्धांगवायू. त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालतं करायचं. अट एकच, रुजू होण्याआधी पक्कं लायसन्स हवं. "दुसऱ्यांना चालायला शिकवायचं काम," काकू मला भाजी चिरताना म्हणाल्या, "आणि मला स्वतःला बसस्टॉपपर्यंत सोडायला नवरा लागतो. हे हातचं गेलं ना, तर मी पुन्हा काही मागणार नाही." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागाचं काय करायचं ते मला येतं.

काकूंचा हात गाडीवर चांगला बसला होता. परीक्षेच्या दिवशी काका केंद्राबाहेर थांबले, मी रजा काढून सोबत गेले. काकू परत आल्या त्या नापास होऊन. परीक्षकाने शेरा मारला होता, की उमेदवार वारंवार स्टिअरिंगवरून हात काढून खाली वाकतात. बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी सांगितलं. परीक्षेत बूट काढता येईना, आणि तो पोळपाटाला लागू नये म्हणून त्या डावा पाय मागे आकसून धरत होत्या. तरी दोन-तीनदा लागलाच, आणि लागला की हात आपोआप खाली जाऊन, पोळपाटाला लागून, कपाळाला. ऐन चढावर. परीक्षकाने विचारलं म्हणे, "आर यू ऑल राइट?" नापास झालेला माणूस स्वतःच गाडी हाकत घरी जायचा, अशी तिथली तेव्हाची रीत, तिच्यावरही मी एक पत्रक काढलेलं होतं. तसं काकूंनीच आम्हाला घरी आणलं. वाटेत तीनदा नमस्कार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या घरमालकाच्या जीपच्या वायपरखाली मराठीतून पत्रक खोचलं. 'पायदान हटाव. एका पायाच्या आरामासाठी दुसऱ्या माणसाची दोन्ही पावलं किती दिवस अडवणार?' संध्याकाळी ते माझ्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं. 'आराम' खोडून वर 'आधार' लिहिलं होतं. पण काका हटले नाहीत, ते सुधारणा करू लागले. आधी पोळपाटावर रबर ठोकलं. काकू म्हणाल्या, "आत काय आहे ते मला माहीत आहे ना." मग रबरावर पत्रा ठोकला. सरावाला निघाल्या, पाय लागला, हात खाली. "तू मुद्दाम करतेस." "मी करत नाही, हात करतो." "मग हाताला सांग." "सांगून बघितलं. लहानपणापासून त्याने माझ्या आईचं ऐकलंय, तुझं काय ऐकणार?"

तेवढ्यात कुणाची तरी परीक्षेची तारीख रद्द होऊन काकूंना पुढच्याच आठवड्याची मिळाली. क्लेअरवाल्यांनी तोवर थांबायचं कबूल केलं, त्यापुढे नाही.

शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर जीपचं दार उघडं आणि आतून काकांचे दोन पाय बाहेर हवेत लोंबकळत होते. ते डोकं खाली घालून बोल्टशी झटत होते. मी खाली गेले. नट गंजला होता. खालून कुणीतरी पाना धरल्याशिवाय फिरणार नव्हता. म्हणजे मी. पुठ्ठा अंथरून मी जीपखाली शिरले, आणि माझ्या चळवळीतलं कुणी या रस्त्याने न जावो अशी प्रार्थना केली.

"धरलास का?" पत्र्यापलीकडून आवाज आला.

"धरलाय."

"डावीकडे फिरव."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"तुमच्या लोकांची डावी बाजू कुठली ते तुलाच माहीत."

"काका, हरलात का शेवटी?"

त्यांनी बोल्टला आणखी एक हिसडा दिला. मग ते म्हणाले, "अगं, ती नमस्कार करते त्याला. माझ्या कुठल्या कामाला आजवर कुणी हात जोडले नव्हते. वाटलं, राहू द्यावं थोडे दिवस."

"मग?"

"मग काल दुपारी ती सोफ्यावर डुलकी घेत होती. झोपेत डावा पाय क्लच दाबत होता. दाबायचा आणि आकसायचा. फिरव आता."

नट फिरला. माझ्या तोंडावर गंज आणि गेल्या हिवाळ्यातला चिखल पडला. जीपगाड्यांविषयीचं माझं मत त्या क्षणी जास्तच ठाम झालं.

काकू पास झाल्या. जीप त्यांच्याबरोबर क्लेअरला गेली, कारण तिकडच्या शेतवाटांवर दुसरी गाडी रुतली असती. हे मला कबूल करावं लागलं, आणि मी ते फक्त इथेच करते आहे. काका लिक्सलिपलाच राहिले, कारखान्यात बसने जाऊ लागले. माझी एक मागणी मंजूर झाली होती. रात्री आम्ही दोघं वरण-भात जेवायचो आणि मीठ नेहमी जास्त पडायचं.

महिन्याभराने एका शुक्रवारी काकू आल्या. जीप खिडक्यांपर्यंत माखलेली, आत कुणा आजोबांनी दिलेलं बटाट्यांचं पोतं. काका पबला गेले नव्हते, फाटकाशीच उभे होते. बायको उतरली तशी "आलीस?" एवढं म्हणून ते सरळ तिच्या दारातून आत वाकले. मीही मागून डोकावले. बोल्टची भोकं त्यांनी बुजवली होती. त्या दोन डागांच्या मधोमध पत्रा चकाकत होता, काकूंच्या डाव्या बुटाच्या मापाचा. काकांनी त्यावर वीत ठेवून पाहिली.

"उंची चुकली होती माझी," ते म्हणाले. "जागा नाही चुकली."

"जागा नाही," काकू म्हणाल्या. "पोतं धर."

रविवारी दुपारी जीप गेली. काका रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्यामागून चालत गेले, आणि परत आले ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "काय गं," ते म्हणाले, "तिच्या त्या गावाला रविवारी बसच नसते. शनिवारी मला कारखान्यात पाळी लागली की मी रविवारी जायचं कसं? त्यावर काढ की एक पत्रक." मी लगेच कागद ओढला. कुणाला धारेवर धरायचं ते मला माहीत होतं, मागणी एका ओळीची होती. पण काका बाजूला उभे होते, कागदाकडे बघत, आणि मला कितीतरी वेळ पहिलं वाक्य रागाने लिहिता येईना.