भुजंगमामांचा पाट

भुजंगमामा काखेत पाट मारून रस्त्याला लागले की गावाला कळायचं, आज कुणाची तरी पाण्याची मोटार जळाली. पाट म्हणजे साधा, जेवायला बसतो तो, त्यांच्या लग्नातला. एका हातात पक्कड-पेचकसाची पिशवी आणि काखेत हा पाट. परक्या माणसाला वाटायचं, गृहस्थ पंगतीला निघालेत. पण मामा त्या पाटावर कधी बसले नाहीत, ते त्यावर उभे राहायचे. पायाखाली लाकूड असल्याशिवाय विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्याकडे पहिल्यांदा आले ते मिक्सर दुरुस्त करायला. मिक्सरची पिन काढून मी तो ओसरीवर आणून ठेवला होता. तरी मामा आधी पाटावर उभे राहिले आणि मग कमरेत वाकून त्यांनी मिक्सर उघडला. मला हसू आवरेना.

दुसरा नेम याहून भारी. काम सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्या माणसांना आपल्या नजरेसमोर आणून बसवायचे. म्हातारं असो, तापानं फणफणलेलं असो, चुलीवर भाकरी टाकलेली असो. "मेन बंद केलाय म्हनता? बरं. मंग बंद करनाऱ्याला हितं बसवा. बटन कधी आपून चालू होत न्हाई, मानूस उटून चालू करतंय," असं म्हणायचे. सगळे बसले की एकेकाकडे बघून विचारायचे आणि एकेकानं म्हणायचं, "आमचं बंद हाय, मामा." मग शेवटी, "समदे बसले का?" आणि काम सुरू. आम्ही आपले लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे मांडी घालून बसायचो. तापलेल्या तव्यावरची भाकरी करपायची आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदराआड दातओठ खायच्या.

गावानं त्यांना सोडलं नाही. नाव भुजंग आणि काळीज चिमणीचं, असं तोंडावर म्हणायचे लोक. मामांना त्याचा राग नव्हता. "भितोच की मी. करंटला इमान नसतं. दहा वर्सं ज्याच्या हातात खेळतो, त्याचाच घास घेतो," असं सरळ सांगायचे. एकदा मीच विचारलं होतं, एवढं कशाचं भय बसलंय म्हणून. तेव्हा त्यांनी तरुणपणातली गोष्ट सांगितली. ते ऊसतोडीला जायचे तेव्हा त्यांच्या कोयत्याचा जोडीदार एका मळ्यातल्या मोटारीपाशी पाणी प्यायला गेला आणि लोंबती वायर बाजूला करायला म्हणून त्यानं ती हातात धरली. "सुलटा हात गेला त्याचा. मूठ जी वळली ती उघडंचना. माझ्याकडं बघत होता, बाई. बोलता येत न्हवतं, निस्ता बघत होता." तेव्हापासून मामा कुठल्याही तारेला आधी उलटा हात लावायचे, बोटांची पाठ. करंट असला तर बोटं आत वळतात. उलट्या हाताची बोटं वळली की ती तारेपासून सुटतात आणि सुलट्या हाताची तारेवरच आवळली जातात. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता त्या पुराचं सांगते. पिंगळी स्टेशनापासून आत, ओढ्याच्या काठाला आमचं गाव. नदी तुडुंब झाली की ओढ्याचं पाणी पुढं जायचं सोडून मागं फिरतं. आम्ही त्याला फुगवटा म्हणतो. वाहता पूर निदान आवाज करत येतो. फुगवटा गुपचूप येतो, दाराच्या फटीतून, मोरीच्या भोकातून. त्या पहाटे मी खाटेवरून पाय खाली सोडले ते थेट पाण्यात. पहिला विचार आला तो पिलांचा.

मागच्या जुन्या गोठ्यात मी कोंबडीची पिलं वाढवते. गावरान, अंड्यातून आदल्याच दिवशी बाहेर पडलेली आणायची आणि अंगावर पिसं फुटली की विकायची. हा सगळा उद्योग उबेवर चालतो. त्यासाठी आम्ही बंब बसवला होता, जुन्या घरांत आंघोळीच्या पाण्याचा असतो तसाच, फक्त मोठा. त्यातलं गरम पाणी एक छोटा पंप पाइपांतून पिलांच्या पिंजऱ्यांखाली फिरवायचा आणि पंपाच्या डोक्यातलं कार्ड ऊब कमी-जास्त करायचं. आत्याबाईंनी आणि मी कमरेएवढ्या पाण्यातून पिंजरे उचलून वरच्या फळ्यांवर ठेवले, इन्व्हर्टर तर आधीपासूनच वर होता. पण पंप खाली होता. तो बुडाला.

दुपारी पाणी उतरलं आणि वारं सुटलं. गावात वीज नव्हती. मालक, म्हणजे माझे यजमान, परभणीत अडकलेले, कारण पुलावरून पाणी. माळ्यावरच्या कोरड्या पळाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, घालून मी बंब पेटवला, पण पंपच नाही तर बंब तापून काय उपयोग? कोळशाची शेगडी ठेवून बघितली, तर धुरानं पिलं माना टाकायला लागली. गारठलेली पिलं आधी जिवाच्या आकांतानं ओरडतात. ते ओरडणं ऐकवत नाही. पण ज्या पिंजऱ्यातलं ओरडणं थांबतं, तिथं हात घालायची भीती वाटते. दोन पिंजरे थांबले होते. आत्याबाईंनी पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलून टाकला आणि मी चिखल तुडवत मामांकडे गेले.

मामा आले, पाट घेऊन. गोठ्याच्या दारातूनच त्यांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भिंती ओल्या, जमीन ओली, वायरी भिजून लोंबलेल्या. "हे लय वंगाळ हाय," एवढंच म्हणाले. आधी आमच्या मीटरवरचे फ्यूज उपसून त्यांनी स्वतःच्या खिशात घातले. इन्व्हर्टरच्या वायरी सोडल्या. मग आम्हा दोघींना गोठ्याच्या दारासमोर, मागच्या ओसरीवर बसवलं. बंद हाय, मामा. बंद हाय, मामा. मग त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट केलं. "पल्याड?"

पलीकडे माझी थोरली जाऊ, कालिंदा. भाऊ-भाऊ वेगळे झाले तेव्हा ही भिंत घातली होती आणि तेव्हापासून जाणं-येणं, बोलणं, सगळं बंद. आत्याबाई आमच्यात राहिल्या म्हणून तिचा राग आणि निरोप धाडला तरी ती येत नाही म्हणून आत्याबाईंचा.

"पल्याडचं पल्याड. वाटणी झाली, मामा. आता त्यांचा आपला काय बी संबंध न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली आणि पंप उघडला. कार्डावर गाळाचा थर बसला होता. त्यांनी प्यायचं स्वच्छ पाणी मागून घेतलं आणि दात घासायच्या ब्रशानं ते कार्ड धुवायला लागले. मी ओरडलेच, "मामा, पाण्यानं बिघडलेलं पाण्यानंच धुताय?" ते म्हणाले, "गाळ वाळला की तारा खातो, बाई. पान्याची घान पान्यानंच जाती. वाळवल्याबिगर लाईट दाखवायची न्हाई, एवढं पथ्य." धुवायच्या आधी मात्र बल्बाच्या होल्डरच्या दोन वायरी त्यांनी कंडेन्सरला टेकवल्या होत्या. पंप बंद, फ्यूज खिशात, आणि तरी तो बल्ब क्षणभर लुकलुकला. "कंडेन्सर करंट साठवून ठिवतो. बंद झालं म्हंजी मेलं न्हाई. निजलेला साप बी सापच," मामा म्हणाले.

बंबाच्या उबेला धरून कार्ड वाळवलं. एक कंडेन्सर फुगला होता, तो त्यांनी पिशवीतल्या जुन्या कार्डावरचा काढून बसवला. आता उरली गोठ्यातली वायर. पंपापाशी येणारा जोड भिजून हिरवा पडला होता, तो तोडून नवा करायचा होता. मामा पाटावर उभे राहिले, उलटा हात लावून त्यांनी तार तपासली. काही नाही. एवढ्यात आत्याबाईंनी बसल्या जागेवरूनच चहा पुढं केला. मामा खाली उतरले, चहा प्यायले, पुन्हा पाटावर चढले आणि पुन्हा उलटा हात पुढं केला.

"अहो मामा, आत्ताच तर बघितलंत! तिकडं तिसरा पिंजरा थांबला," मी म्हटलं.

"तवाचं तवा," ते म्हणाले आणि बोटांची पाठ तारेला टेकवली.

फाट्कन आवाज झाला. मामा मागच्या मागे फेकले गेले, पाठ भिंतीवर आपटून खाली बसले. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. मी जागची हललेच नाही. आत्याबाई "नरसिंहा, नरसिंहा" करत राहिल्या. मेले, मामा मेले, माझ्या गोठ्यात मेले, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. फ्यूज त्यांच्या खिशात, आम्ही दोघी समोर, मग करंट आला कुठून? त्या गोठ्यातली प्रत्येक वस्तू मला जिवंत वाटायला लागली. पाण्यानं चमकणारी जमीनसुद्धा.

मग मामांचे ओठ हलले. "कोन उटलं?"

कुणीच उठलं नव्हतं. आम्ही तिघं गप्प झालो आणि तेव्हा कुठं तो आवाज कानात शिरला. फट फट फट. वाऱ्यात मी तो ट्रॅक्टरचा समजले होते. "पल्याड," मामा म्हणाले.

भिंत घातली होती, चूल वेगळी केली होती, भांडी-कुंडी, विहिरीची पाळी, बांधावरची बाभळसुद्धा वाटून घेतली होती. पण वाटणीच्या आधी या गोठ्याला लाईट पलीकडच्या घरातून आली होती, आणि ती वायर भिंतीतून तशीच राहिली होती. ती कुणी वाटलीच नव्हती. कालिंदाच्या भावानं देवगाव फाट्यावरून जनरेटर आणून दिला होता. गल्लीतल्यांचे मोबाइल चार्ज व्हावेत म्हणून तिनं त्याची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसली आणि तो चालू केला. तिला काय माहीत, करंट भिंत ओलांडतोय ते.

मी धावले. चिखलात पडले, उठले, आणि जो उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही अशी शपथ घेतली होती तो ओलांडून आत घुसले. "अक्का, बंद कर! मामांना करंट बसला, बंद कर!" कालिंदानं माझं तोंड बघितलं आणि एक शब्द न विचारता जनरेटर बंद केला. तशीच अनवाणी ती माझ्यामागून पळत आली. मामांना बघून मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली.

मामांच्या बोटांची पाठ काळी पडली होती. जरा वेळानं त्यांनी कालिंदाला ओसरीवर बसायला सांगितलं, आत्याबाईंच्या शेजारी. दोघी एकमेकींकडे न बघता टेकल्या. मामांनी विचारलं तशी कालिंदा हुंदका गिळत म्हणाली, "आमचं बंद हाय, मामा."

"समदे बसले का?" असं म्हणून मामा उठायला लागले.

मी आडवी झाले. "राहू द्या, मामा. मरू द्या पिलं. मला नको आता ते काही." खरंच नको होतं. मला त्या तारेकडे बघवत नव्हतं.

"लय भेव वाटायलंय, बाई. पाय बघ कसे लटलट कापायलेत," मामा म्हणाले. "पर भेव हाय तवर मी शुद्धीवर हाय. ज्या दिवशी वाटनार न्हाई, त्या दिवशी पाट घरी ठिवीन." ते पाटावर चढले, आणि तोच भाजलेला हात पुन्हा उलटा करून त्यांनी तारेला लावला. आत्याबाईंच्या हातात कालिंदाचं मनगट होतं. कधी धरलं ते दोघींनाही कळलं नसावं. काही झालं नाही. मामांनी आधी भिंतीतून येणारी ती जुनी वायर कापली, मग जोड केला. इन्व्हर्टर परत जोडला तसा पंप घरघरला. मी पाइपाला हात लावून बसले. बराच वेळ तो गारच होता आणि मग कोमट झाला. दिवस मावळेपर्यंत पिलांचं ओरडणं मवाळ झालं. थांबलेल्या तीन पिंजऱ्यांतली बरीच गेली, बाकीची जगली.

पुढं एकदा मामा कुणाच्या तरी घरी पंखा काढत होते. काम झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आज आपण सरळ सुलटाच हात घातला. तार बंद होती, काही झालं नाही. पण मामा घरी आले, पाट त्यांनी देवाजवळ उभा करून ठेवला आणि पिशवी खुंटीला लावली. लोकांनी विनवण्या केल्या, मीसुद्धा केल्या. "माझं भेव गेलंय, बाई. आता मी कामाचा न्हाई," एवढंच म्हणाले.

मागच्या साली मामा गेले. अंथरुणात, झोपेत गेले. त्यांना अंगणात त्याच पाटाशी निजवलं होतं आणि सगळं गाव समोर मांडी घालून बसलं होतं. कुणी बसा म्हटलं नव्हतं. कालिंदा उशिरा आली. घाईघाईनं आली, पायांशी वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आमचं बंद करून आले, मामा."

मग ती माझ्याजवळ येऊन खाली बसली.